दुसरी बॅटरी आठ महिन्यांत का बसली? रिले, डीसी-डीसी आणि मधली वायर

तुमचा प्रश्न आधी नीट मांडून घेतो. गाडी २०२१ ची, बीएस-६, डिझेल, फोर बाय फोर. मागे चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, दोन एलईडी पट्ट्या, छोटा पंखा, मोबाईल-कॅमेऱ्याचं चार्जिंग. खानापुरातून निघून कधी कणकुंबी-चोर्ला, कधी आंबोली, कधी दांडेली, एक-दोन रात्रींचा मुक्काम. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी डिकीत ठेवली, मित्राच्या सांगण्यावरून रिलेने, म्हणजे दोन बॅटऱ्या आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचने, गाडीच्या मूळ बॅटरीला जोडली, आणि ती आठ महिन्यांत बसली. आता मित्र म्हणतो नवी बॅटरी घाल, रिले चांगलाच आहे. दुकानदार म्हणतो लिथियम आणि डीसी-डीसी चार्जर (पुढून येणाऱ्या विजेचे व्होल्ट बदलून दुसऱ्या बॅटरीला हवे तेवढेच देणारा) घ्या. ऐकायचं कोणाचं?

दोघंही अर्धं बरोबर सांगतायत. पण रिले की डीसी-डीसी ही निवड नंतरची. त्याआधी बघायचं ते हे, की त्या बॅटरीच्या टर्मिनलवर किती व्होल्ट पोचत होते आणि किती तास पोचत होते. लेड-ॲसिड बॅटरी वापराने जेवढी मरत नाही तेवढी अर्धवट भरून ठेवल्याने मरते. उतरलेल्या प्लेटवर लेड सल्फेट बसतं. लगेच पूर्ण चार्ज दिला तर ते विरघळून जातं, आठवडा-पंधरवडा तसंच ठेवलं तर त्याचे खडे घट्ट होतात आणि मग कितीही चार्ज द्या, तेवढी जागा कायमची गेली. तुमच्या बॅटरीचं बहुधा हेच झालंय, आणि नवी बॅटरी त्याच जोडणीत घातली तर तीही पुढच्या गणपतीपर्यंत बसेल.

आता विजेच्या खर्चाचा हिशेब. चाळीस लिटरचा फ्रिज कॉम्प्रेसर चालू असताना ४ ते ५ अँपिअर ओढतो. कॉम्प्रेसर सतत चालत नाही. झाकण वारंवार उघडलं नाही तर सरासरी ४० टक्के वेळ धरा, एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत उन्हात असेल तर ५० च्या वर. ४.५ गुणिले ०.४, म्हणजे तासाला १.८ एएच. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, चौदा तासांचे २५ एएच. पट्ट्या ५, पंखा ८, मोबाईल वगैरे ३. एका रात्रीचे सुमारे ४० एएच. पूर्ण दिवस एकाच जागी थांबलात तर ६० च्या आसपास.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये असं धरलं, तर शंभर एएचमधले ५० वापरायचे. म्हणजे शंभरची चांगली एजीएम (ॲसिड आतल्या चटईत शोषलेली, बंद लेड-ॲसिड बॅटरी) तुम्हाला एक रात्र देते, तीही निघताना ती पूर्ण भरलेली असेल तर. अडचण परतीच्या वाटेवर आहे. ४० एएच काढलेत, ते परत घालायला गळती धरून ४६-४७ एएच लागतात. भाताचं पोतं भरताना तोंडापर्यंत पटकन भरतं, पण शेवटचे चार शेर हलवून-ठासून बसवायलाच वेळ जातो; लेड-ॲसिडचं तसं आहे. ८० टक्क्यांपर्यंत ती भराभर घेते, शेवटचे २० टक्के घ्यायला चार-सहा तास, चार्जर कितीही मोठा असला तरी. कणकुंबीहून घरी यायला तास-सव्वा तास. बॅटरी ८० वर आली की तुम्ही गाडी लावली. पुढच्या शनिवारपर्यंत ती तशीच.

लिथियममध्ये, म्हणजे आपल्याकडे जी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) मिळते तिच्यात, हा शेवटचा टप्पा फार छोटा असतो. शंभरमधले ८०-९० एएच बिनधास्त वापरता येतात, ३० अँपिअरचा चार्जर ४० एएच साधारण दीड तासात परत घालतो, आणि अर्धवट भरलेली ठेवली तरी तिला काही होत नाही. उलट महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर ५०-६० टक्क्यांवर ठेवणंच बरं. वजन ११-१३ किलो. तितक्याच एएचची लेड-ॲसिड २५-३० किलो भरते. तुमच्या कमी अंतराच्या फेऱ्यांना लिथियम बसते ती या कारणाने. दुकानदाराने हे कारण सांगितलं असतं तर तुम्हाला तो फक्त माल खपवतोय असं वाटलं नसतं.

ट्युब्युलरबद्दल एकदाच सांगतो: ती गाडीत नको. दीडशेची ट्युब्युलर पन्नास किलोच्या वर, उंच, आणि बनलीय भिंतीशी गप उभी राहायला. जांबोटीच्या पुढच्या खड्ड्यांत आतल्या प्लेट हलतात, ॲसिड झाकणातून बाहेर येतं. वर चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि तुमची ती डिकीत, म्हणजे तुमच्याच केबिनमध्ये. सीटच्या मागे ठेवायची असेल तर एजीएम किंवा एलएफपी, तिसरं काही नाही.

आता मित्राच्या रिलेकडे. व्होल्टेज बघून चालणारा रिले साधारण १३.३ व्होल्टला दोन बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास तोडतो. जुन्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं जनित्र) कायम १४ ते १४.४ देतो, तिथे हा रिले उत्तम चालतो. कोणी जुनी जीप किंवा बीएस-३, बीएस-४ ची बोलेरो घेऊन आला तर जाड वायर, १०० अँपिअरचा रिले आणि एजीएम, एवढंच घाल, डीसी-डीसीवर पैसे घालू नको, असंच सांगावं लागतं. फक्त तो रिले कायम चालू राहायच्या लायकीचा हवा. स्टार्टरचा सोलेनॉइड दिसायला तसाच आणि स्वस्त, पण त्याची कॉइल काही सेकंदांसाठी असते. तासभर चालू ठेवली की जळते, नाहीतर आतले काँटॅक्ट चिकटून बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या सापडतात.

बीएस-६ गाड्यांचं तंत्र वेगळं असू शकतं. इंधन वाचवायला ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) अल्टरनेटरला आराम देतो: सरळ रस्त्यावर व्होल्टेज १२.६ पर्यंत खाली, ॲक्सिलरेटर सोडला, उतार लागला की १४.८-१५ पर्यंत वर. असा ‘स्मार्ट’ अल्टरनेटर असेल तर रिले दिवसभर जोड-तोड करत बसतो आणि मागच्या बॅटरीला धड चार्ज मिळतच नाही. सगळ्याच बीएस-६ गाड्या अशा नसतात, म्हणून अंदाज न करता मोजा. लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर लावा, हेडलाईट आणि एसी बंद, खानापूर ते बेळगाव गाडी चालवा. इंजिन चालू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं बहुतेक गाड्या १४ च्या वर दाखवतात, तेवढ्यावर जाऊ नका. अर्ध्या तासानंतर एका वेगात गाडी असताना आकडा १३.८ च्या वर टिकला तर रिले चालेल. १२ च्या घरात आला आणि ब्रेक मारताना उसळला, तर डीसी-डीसीला पर्याय नाही.

एलएफपी घेणार असाल तर अल्टरनेटर कसाही असो, डीसी-डीसी लावाच. एलएफपीचा आतला रोध फार कमी; रिलेने थेट जोडली तर मिळेल तेवढा करंट ती ओढते. सपाट रस्त्यावर निभावतं. लाल चिखलात लो-रेंज (फोर बाय फोरचा हळू, जोराचा गियर) लावून गाडी रांगते तेव्हा इंजिनचा वेग कमी, अल्टरनेटरचा पंखा हळू, वारा नाही, आणि ओढ मात्र पूर्ण. अल्टरनेटर तिथे भाजतो. डीसी-डीसी ही ओढ २० किंवा ३० अँपिअरवर बांधून ठेवतो. तुम्हाला ३० चा पुरे. चाळीस-पन्नासचा घेऊन अल्टरनेटरवर भार टाकण्यात अर्थ नाही; त्याला गाडीचं स्वतःचं ईसीयू, ब्लोअर, हेडलाईट हेही सांभाळायचं असतं.

जोडणीत सगळ्यात जास्त चुका वायरमध्ये होतात, म्हणून इथे जरा थांबतो. ३० अँपिअरचा डीसी-डीसी बाहेर १४.४ व्होल्टला ४३२ वॅट देतो. त्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर आत ४८० वॅट हवेत, आणि पुढच्या बॅटरीवर १२.५ व्होल्टच असतील तर इनपुटला ३८ अँपिअर. बोनेटपासून डिकीपर्यंत वायर पाच मीटर, परतीची पाच, एकूण दहा. तांब्याच्या १६ स्क्वेअर एमएम वायरमध्ये यावर ०.४ व्होल्ट गळतात, १० मध्ये ०.६७, आणि बहुतेक दुकानांत ‘पुरे होईल’ म्हणून हातात ठेवतात त्या ६ मध्ये १.१ व्होल्ट. १२.६ मधून १.१ गेले की चार्जरला ११.५ दिसतात, तो बॅटरी उतरली समजून बंद पडतो, आणि दोष चार्जरला लागतो. रिलेच्या जोडणीत हीच गळती बॅटरीला बराच वेळ १३.५ च्या वर जाऊ देत नाही. तुमची ट्युब्युलर यातच गेली असावी. म्हणून १६ घ्या. रिले वापरणाऱ्यांनी २५.

वायर तांब्याचीच आहे हे बघून घ्या. गाडीच्या ॲम्प्लिफायरच्या किटमध्ये मिळणारी जाड, मऊ, चकचकीत वायर बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असते. एक तार काढून ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा. वेल्डिंगची केबल लवचिक आणि स्वस्त पडते, चालतेही, पण तीही ॲल्युमिनियमची मिळते, तेव्हा ब्लेड तिलाही लावा. शिवाय तिचं रबर डिझेल-ऑइलला टिकेलच असं नाही, पूर्ण लांबी नायलॉनच्या फ्लेक्सिबल पाईपमधून न्या. पाईपचा दुसरा फायदा उंदरांचा. पावसाळ्यात गोठ्याशेजारी किंवा भाताच्या कोठाराजवळ गाडी लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारा, बोल्टचं भोक असलेला तुकडा) हायड्रॉलिक क्रिंपरनेच, म्हणजे दाबायच्या यंत्रानेच, दाबून घ्या. हातोडी-छिन्नीने चेपलेल्या थिंबलमध्ये तारांच्या मधे हवा राहते, सहा महिन्यांत तिथे हिरवट थर येतो. वरून सोल्डर ओतला की काम पक्कं झालं असं वाटतं, पण सोल्डर तारांतून वर चढतो, वायर तेवढ्या भागात ताठ होते, आणि धक्क्यांनी नेमकी ताठ-मऊच्या सीमेवर तुटते. तीही स्लीव्हच्या आत, बाहेरून काही दिसत नाही. दाबलेलं थिंबल पकडीत धरून वायर दुसऱ्या हाताने जोर लावून ओढा. हलली तर कापून नवीन. बेळगावच्या उद्यमबागेत पॅनेल बनवणाऱ्या कोणाकडेही हा क्रिंपर असतो. वायर मापून, कापून नेली तर चार थिंबलं दाबायला पाच मिनिटं.

फ्यूज वायरीच्या दोन्ही टोकांना, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत ६० अँपिअरचा बोल्टने आवळायचा फ्यूज, मागच्या बॅटरीपाशी ५० चा. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, चार्जरला नाही, त्यामुळे ‘उडतो म्हणून मोठा घातला’ हा प्रकार करू नका. काचेच्या नळीचे फ्यूज आणि पातळ प्लॅस्टिकचे होल्डर इतक्या करंटला वितळतात. एलएफपीचा शॉर्ट-सर्किट करंट हजारो अँपिअरचा असतो, म्हणून तिच्यापाशी ब्रेकिंग कॅपॅसिटी (किती मोठा करंट तो तोडू शकतो तो आकडा) छापलेला चांगल्या कंपनीचा फ्यूजच हवा.

अर्थचं, म्हणजे निगेटिव्ह जोडाचं, एक खास आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टार्टर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटी डबी असते, ती आत-बाहेर जाणारा करंट मोजून ईसीयूला कळवते. तुमची काळी वायर थेट टर्मिनलवर लावली तर तुमचा करंट त्या डबीतून जातच नाही, ईसीयूचा हिशेब चुकतो आणि अल्टरनेटरचं वागणं बिघडतं. डबीच्या पलीकडे, जिथे कंपनीची अर्थ वायर बॉडीला येते, तिथे जोडा. मागे बॉडीलाच अर्थ घ्यायचा असा आळस करू नका. लॅडर फ्रेमच्या गाडीत बॉडी चॅसिसवर रबरावर बसलेली असते आणि दोघांना जोडणारी पट्टी गंजली की सगळंच अधांतरी. अर्थची जागा रंग खरवडून उघडी करा, दातेरी वॉशर घाला, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली.

थोडक्यात तुमच्या गाडीसाठी: शंभर एएच एलएफपी, ३० अँपिअरचा डीसी-डीसी, १६ स्क्वेअर एमएमच्या लाल-काळ्या दोन वायरी, दोन फ्यूज. चार्जर मागच्या बॅटरीजवळ, मीटरभरात, त्या मधल्या तुकड्याला १० स्क्वेअर एमएम पुरते. चार्जर चालू-बंद होण्यासाठी इग्निशनची बारीक वायर द्या. व्होल्टेज बघून चालू होण्याच्या सेटिंगवर ठेवला तर स्मार्ट अल्टरनेटरमध्ये तो अर्धा वेळ झोपतो. सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार निवडताना बॅटरीवर छापलेले व्होल्ट बघा; एलएफपीला बहुधा १४.२ ते १४.६ च्या मधे.

बजेट एवढं नसेल तर डीसी-डीसी आताच घ्या, बॅटरी एजीएम घाला आणि घरी एक साधा १० अँपिअरचा स्मार्ट चार्जर ठेवा. फेरीहून आलात की त्या रात्री गाडीला तो लावून झोपा. हेस्कॉमची लाईट राहिली तर सकाळी बॅटरी शंभर टक्के. या एका सवयीने एजीएमचं आयुष्य बरंच वाढतं, आणि लिथियमचा विचार दोन-तीन वर्षं पुढे ढकलता येतो.

बॅटरी बोनेटखाली बसवायचा मोह होईल, वायर वाचते म्हणून. एलएफपीला ४५ अंशांच्या वर चार्ज नको असतो, आणि चोर्ल्याचा घाट दुसऱ्या गियरमध्ये चढून आलेल्या गाडीच्या बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. मागेच ठेवा, लोखंडी अँगलच्या ट्रेमध्ये, खाली रबर, वर पट्टी, आणि एम-८ चे बोल्ट मोठ्या वॉशरसह, जमल्यास सीटच्या मूळ बोल्टच्या जागी. नुसत्या पत्र्याला स्क्रू मारलेला ट्रे उलटलेल्या गाडीत तुमच्या डोक्यावर येतो. वायर दाराच्या उंबऱ्याखालून आतल्या बाजूने न्या; चॅसिसखालून नेलेली वायर दगड आणि ओढे दोन्ही खाते. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आत जाताना रबरी ग्रोमेट, आणि त्याआधी वायरीला खाली एक वळसा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता थेंब होऊन गळतं.

फ्रिजला स्वतःची ४ स्क्वेअर एमएमची लाईन आणि १५ अँपिअरचा फ्यूज द्या, टोकाला आवळून बसणारा प्लग. लायटरच्या सॉकेटवर फ्रिज चालवला की धक्क्याने पिन ढिली होते, गरम होते, व्होल्ट गळतात, आणि बॅटरीत निम्मा जीव असताना फ्रिज ‘लो बॅटरी’ म्हणून बंद. बऱ्याच ‘बॅटरी टिकत नाही’च्या तक्रारी इथल्याच असतात. दुसऱ्या बॅटरीवर फ्रिजचं कट-ऑफ सेटिंग मध्यम किंवा खालचं ठेवा. वरचं सेटिंग स्टार्टर बॅटरीसाठी.

सोलरचं विचारलंत. टपावरचं १०० वॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला २५-३० एएच देतं, म्हणजे फ्रिजचा निम्म्याहून जास्त खर्च. नोव्हेंबर ते मे, माळावर मुक्काम असेल तर घ्या, एमपीपीटी कंट्रोलरसह (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा). पण आपण लोक गाडी लावतो झाडाखाली, आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पन्न निम्म्यावर येतं. जून ते सप्टेंबर कणकुंबी-आंबोली भागात सोलर हिशेबात धरूच नका.

जोडणी झाली की मोजून ताब्यात घ्या. इंजिन चालू, चार्जर पूर्ण भारावर. मल्टिमीटरची एक पिन पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी चार्जरच्या इनपुट पॉझिटिव्हवर, ०.२५ व्होल्टच्या वर आकडा आला तर मधला कुठलातरी जोड ढिला आहे. निगेटिव्हलाही तसंच. अर्ध्या तासाने इंजिन बंद करून प्रत्येक थिंबलला आणि फ्यूज होल्डरला हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर उघडा. एलएफपीचं व्होल्टेज ९० पासून २० टक्क्यांपर्यंत १३.२ च्या आसपासच रेंगाळतं, म्हणून उरलेलं किती ते कळायला शंटवाला मीटर (आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा) लावा, नुसत्या व्होल्टमीटरचा तिथे उपयोग नाही.

शेवटचं, विंच आणि स्टार्टर. विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची मोटर) पुढच्याच बॅटरीवर ठेवा. आणि एलएफपीवरून गाडी चालू करायला जाऊ नका. तिच्या बीएमएसची (बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट) हद्द बहुधा १०० अँपिअर, डिझेल स्टार्टर त्याच्या कितीतरी पट मागतो, ती लगेच बंद पडते. पुढची बॅटरी उतरलीच तर जंपर केबलने दोन्ही जोडून पंधरा-वीस मिनिटं गप बसा, केबल काढा, मग किल्ली फिरवा.